पाच लिटरचा भरवसा

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की चाळीसेक किलोमीटरवर पहूर लागतं. जामनेर तालुक्यातलं वाघूर नदीकाठचं हे वर्दळीचं गाव. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग, अजिंठ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची ये-जा, आणि भोवताली कापूस नि केळी. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. पऱ्हाट्यांचा ढीग हलवताना विंचू चावलेला गडी, फवारणीचं औषध अंगात भिनलेला मजूर, वैशाखाच्या उन्हात शेतात कोसळलेली बाई, बाळंतपणात रक्त गेलेली सून, अशांची पहिली गाठ अशाच रुग्णालयाशी पडते. चौघांचे आजार वेगळे, पण डॉक्टरच्या डोक्यातला प्रश्न एकच असतो: याचं हृदय या घडीला शरीराला पुरेसं रक्त पुरवतंय का?

निरोगी मोठ्या माणसाचं हृदय स्वस्थ असताना मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त बाहेर टाकतं. ठोक्याला ७० मिलिलिटर आणि मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके, असा तो हिशेब. डॉक्टर याला कार्डियाक आउटपुट म्हणतात, आपण हृदयाचा उपसा म्हणू. पळताना हा उपसा तिपटीचौपटीने वाढतो, आणि हृदय थकलं की ३ लिटरच्याही खाली येतो. हा आकडा पडद्यावर दाखवणारी यंत्रं गेल्या पन्नास वर्षांत कितीतरी निघाली. गळ्यातून नळी घालणारी आहेत, तशीच बोटाला नुसता पट्टा गुंडाळणारीही आहेत. सगळी दशांशापर्यंत आकडा देतात. ५.२ असा आकडा दिसला की तो मोजलेला आहे असंच वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक यंत्रं तो मोजत नाहीत, दुसरंच काहीतरी मोजून त्यावरून त्याचा अंदाज बांधतात. तो अंदाज किती खरा, हे तपासायची रीत ठरायलाच वैद्यकाला फार उशीर लागला.

मुळात वेगळं यंत्र हवंच कशाला, बीपी तर प्रत्येक दवाखान्यात मोजतात, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण बीपी म्हणजे दाब, आणि आपल्याला हवा आहे प्रवाह. केळीच्या ठिबकाला फिल्टरजवळ दाबाचा काटा असतो. पुढच्या नळ्या चोंदल्या की काटा वर चढतो आणि झाडाला मात्र पाणी कमी मिळतं. काट्यावरून बागेत किती लिटर गेलं हे जाणता शेतकरी कधी सांगणार नाही. शरीरातही दाब हा उपसा आणि रक्तवाहिन्यांचा अडसर या दोहोंचा मिळून होतो. वाहिन्या आवळल्या तर उपसा निम्म्यावर येऊनही बीपी चांगलं दिसू शकतं.

लाल विंचवाच्या दंशात हे सगळ्यात ठळक दिसतं. त्याच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांतून अॅड्रेनालिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर सुटतो. वाहिन्या आवळतात, घामाने अंग भिजतं, हातपाय गार पडतात, आणि बीपी १६०-१७० वर जातं. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध ढकलून ढकलून हृदयाचा डावा कप्पा दमतो, रक्त फुप्फुसात तुंबतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. बीपीचा आकडा भक्कम आणि उपसा तोकडा, अशा अवस्थेत माणूस दगावतो. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचवाने मरणारा माणूस हृदय निकामी होऊन मरतो, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्रंदिवस बसून ताडलं आणि त्याची पूर्वलक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे त्यांनी वाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरात आणलं. शंभरातल्या तीसेक रुग्णांचा बळी घेणारा हा दंश त्यानंतर एक-दोन टक्क्यांवर आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बिरवाडीत उपसा मोजायचं यंत्र नव्हतं. हातापायांचा गारवा, घाम, नाडी, श्वास आणि बीपी, एवढ्यावर सगळं चाललं. रुग्ण सुधारल्याची त्यांची एक खूण होती ती हातपाय पुन्हा ऊबदार होण्याची, आणि ती खूण उपशाचीच आहे. मग मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. दिलीप कर्नाड यांनी विंचूदंशाच्या मोजक्या रुग्णांमध्ये हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नळी नेऊन प्रत्यक्ष मोजमापं घेतली. १९९८ मध्ये ‘हार्ट’ या नियतकालिकात ती आली. त्यातून दिसलं की दंश एकच असला तरी प्रत्येकाच्या शरीरात चित्र एकच नसतं. कोणाच्या वाहिन्या आवळलेल्या आणि बीपी चढलेलं, तर कोणाचा डावा कप्पाच दुबळा आणि फुप्फुसं पाण्याने भरलेली. पहिल्याला वाहिन्या सैल करायच्या, दुसऱ्याच्या हृदयाला आधार द्यायचा, आणि दोघांनाही डोळे झाकून सलाईन लावलं तर जिवाशी गाठ. उपसा खरोखर कळला तर उपचार बदलतो, म्हणून हा आकडा महत्त्वाचा, आणि म्हणून तो चुकीचा असणं धोक्याचं.

मोजायची मूळ कल्पना १८७० मध्ये व्युर्झबर्गच्या आडोल्फ फिक यांनी मांडली, आणि ती इतकी सरळ आहे की वहीत सोडवता येते. समजा माणसाने मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेतला. फुप्फुसात शिरणाऱ्या लिटरभर रक्तात १५० मिलिलिटर ऑक्सिजन होता आणि बाहेर पडणाऱ्या लिटरभर रक्तात २००. म्हणजे दर लिटरने ५० उचलला. २५० उचलायला ५ लिटर रक्त जावं लागलं, हाच उपसा. अडचण एकच होती: फुप्फुसात शिरणारं रक्त मिळवायचं तर हृदयापर्यंत पोचायला हवं. १९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत एक्स-रे काढून घेतला. त्या धाडसाला १९५६ मध्ये नोबेल मिळालं.

रुग्णाच्या खाटेशी हे शक्य झालं ते १९७० नंतर. जेरेमी स्वान आणि विल्यम गँझ यांनी टोकाला छोटा फुगा असलेली नळी काढली. रक्ताचा प्रवाहच ती फुप्फुसाच्या धमनीत घेऊन जातो. मग थंड सलाईन, बहुधा १० मिलिलिटर, झटक्यात सोडायचं आणि पुढे नळीच्या टोकाशी रक्ताचं तापमान किती उतरलं नि किती वेळात पूर्ववत झालं ते बघायचं. प्रवाह जोरात असेल तर गारवा लगेच वाहून जातो, मंद असेल तर रेंगाळतो. त्या वक्राखालच्या क्षेत्रफळावरून उपसा निघतो. पुढे निघालेलं प्रत्येक यंत्र बहुतेक याच पद्धतीशी ताडून पाहिलं गेलं.

पण हा मापदंडही पक्का नाही. सलाईन श्वास आत घेताना सोडलं की बाहेर टाकताना, सोडणाऱ्याचा हात एकसारखा चालला का, सलाईन वाटेतच कोमट झालं का, उजवीकडची झडप गळते का, या प्रत्येकाने आकडा हलतो. म्हणून तीन वेळा मोजून सरासरी घेतात. तशी घेतली तरी १२ ते १५ टक्क्यांहून कमी फरकाला अर्थ देऊ नये, असं १९८२ च्या एका गाजलेल्या आढाव्यात दाखवून दिलं होतं. म्हणजे सकाळी ५ लिटर आणि दुपारी ५.४ लिटर दिसलं तर रुग्ण सुधारला असं म्हणायला आधार नाही. ज्या फूटपट्टीने नवी फूटपट्टी तपासायची तीच लवचीक, हे विसरून चालत नाही.

त्यातून तुलना करायची रीतही बरीच वर्षं चुकीची होती. दोन यंत्रांचे आकडे आलेखावर मांडायचे, ते एका रेषेत आले की सहसंबंध ०.९ आहे असं जाहीर करायचं आणि यंत्र पसंत. यातली गफलत समजायला गणित फार लागत नाही. एखादं यंत्र नेहमी बरोबर दुप्पट दाखवत असेल, ३ च्या जागी ६ आणि ५ च्या जागी १०, तर सहसंबंध पूर्ण १ येईल आणि तरी प्रत्येक आकडा चुकीचा असेल. दोन मापं एकत्र चढतात-उतरतात हे एक, आणि ती जुळतात हे दुसरं. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख लिहून हे वैद्यकाच्या गळी उतरवलं. त्यांची रीत अशी: प्रत्येक रुग्णात दोन यंत्रांमधला फरक काढा. त्या फरकांची सरासरी बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते किती पसरले आहेत ते बघा. शंभरातल्या पंचाण्णव फरकांना कवेत घेणाऱ्या दोन सीमा आखा आणि मग स्वतःला विचारा, एवढा फरक माझ्या रुग्णाला परवडेल का?

सरासरीवर भुलू नये हे इथे अगदी समोर दिसतं. एका रुग्णात यंत्राने २ लिटर जास्त दाखवले आणि दुसऱ्यात २ लिटर कमी, तर सरासरी चूक शून्य. जाहिरातीच्या कागदावर शून्य छापता येतं. खाटेवरच्या दोघांनाही मात्र चुकीचा उपचार मिळतो.

मग किती पसारा चालेल? १९९९ मध्ये हाँगकाँगच्या लेस्टर क्रिचली आणि ज्युलियन क्रिचली यांनी एक हिशेब मांडला. जुन्या पद्धतीत २० टक्के चूक धरा, नव्या यंत्रालाही तेवढीच मुभा द्या. दोन स्वतंत्र चुका मिळून सरळ ४० होत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की २८ च्या आसपास येतात. तेव्हा ३० टक्क्यांपर्यंत तफावत असेल तर यंत्र स्वीकारावं, असा ठोकताळा रूढ झाला. त्याच्यावर टीका झाली, आणि ती रास्त आहे, कारण मापदंड सगळ्यांचा सारखा लवचीक नसतो. तरी निदान एक वेस तयार झाली.

त्या वेशीच्या आत कोण आलं? २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पेटन आणि चाँग यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून आकडे काढले. धमनीतल्या नाडीच्या लहरीवरून अंदाज बांधणाऱ्या यंत्रांची तफावत ४१.३ टक्के, अन्ननलिकेतून ध्वनिलहरी सोडणाऱ्यांची ४२.१, छातीतल्या विजेच्या अडथळ्यावर चालणाऱ्यांची ४२.९, आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्यांची ४४.५. चारांपैकी एकही तिशीत नाही. २०१७ मध्ये शरीरात काहीही न घालणाऱ्या यंत्रांचा तसाच आढावा आला, त्यात तफावत ४७ टक्के निघाली. ४२ टक्के म्हणजे काय ते लिटरमध्ये पाहू. उपसा ५ लिटरच्या आसपास असलेल्या रुग्णांत दोन पद्धतींच्या आकड्यांतला फरक २.१ लिटरपर्यंत वर किंवा खाली जाऊ शकतो. म्हणजे मापदंडाने ५ सांगितले तिथे यंत्र २.९ सांगेल किंवा ७.१. पहिल्या आकड्यावर डॉक्टर हृदयाला जोर देणारं औषध सुरू करेल, दुसऱ्यावर जंतुसंसर्गाची शंका घेईल. आणि रुग्ण तोच.

मला या आकड्यांहून जास्त खटकतं ते हे की तपासणी कोणावर झाली ते बहुधा विचारलंच जात नाही. बरेचसे अभ्यास शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या, भूल दिलेल्या, आधीपासून ठरवून आणलेल्या रुग्णांवर होतात. त्यांची नाडी नियमित, हात गरम, औषधांचा डोस स्थिर. पहूरहून जळगावला जाणारा रुग्ण असा नसतो. नाडीची लहर वाचणारं यंत्र वाहिन्यांच्या ताठरपणाबद्दल काही गृहीत धरतं. विंचवाचं विष तासाभरात वाहिन्या आवळतं आणि थोड्या तासांनी चित्र पालटतं, गृहीतक कोलमडतं. जंतुसंसर्गाने वाहिन्या सैल पडल्या की उलट बाजूने कोलमडतं. बोटाच्या पट्ट्याला बोटात रक्त खेळतं लागतं, आणि गार पडलेल्या बोटात तेच नसतं. नाडी अनियमित असेल तर दर ठोक्याला निराळा आकडा. म्हणजे ज्याला यंत्राची गरज सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच्याच बाबतीत ते सगळ्यात जास्त चुकतं. कोविडात घराघरात आलेल्या ऑक्सिमीटरचंही असंच झालं. काळ्या त्वचेच्या रुग्णांमध्ये तो ऑक्सिजन खरा आहे त्याहून जास्त दाखवण्याची शक्यता अधिक, हे अमेरिकेतल्या नोंदींवरून २०२० च्या अखेरीस ठळकपणे पुढे आलं. तोवर जगाने त्याच्यावर निर्णय घेतले होते.

छातीतल्या विजेच्या अडथळ्याची पद्धत आपल्याकडे घरची आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत कुबिचेक आणि सहकाऱ्यांनी अंतराळवीरांसाठी ती मांडली: मान आणि छातीवर पट्ट्या लावायच्या, जाणवणारही नाही इतका सौम्य प्रवाह सोडायचा, आणि ठोक्यागणिक रक्त भरल्याने अडथळा किती बदलतो ते टिपायचं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. जी. डी. जिंदल आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर स्वदेशी यंत्रं बनवली, मुंबईतल्या डॉक्टरांसोबत ती रुग्णांवर वापरून पाहिली, आणि केईएमशी जोडलेल्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये १९९० मध्ये त्यावर लेखन केलं. सुई नाही, नळी नाही, खर्च कमी, म्हणून हे काम मोलाचं. पण याही पद्धतीची मर्यादा तत्त्वातच आहे. फुप्फुसात पाणी भरलं की छातीचा एकूण अडथळाच बदलतो, आणि ठोक्याचं रक्त त्यातून वेगळं काढणं अवघड होतं. गुलाबी फेस आलेल्या रुग्णाचं नेमकं तेच दुखणं असतं.

हे वाचून यंत्रं फेकून द्यावीत असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. एकच आकडा अचूक सांगणं आणि बदल बरोबर सांगणं या निराळ्या कसोट्या आहेत, आणि दुसऱ्या कसोटीला पुष्कळ साधनं उतरतात. आता तालुक्याच्या गावीही मिळू लागलेल्या टू-डी इकोचं उदाहरण घेऊ. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त जिथून बाहेर पडतं त्या नळीचा व्यास मोजायचा, आणि एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ किती सेंटिमीटर पुढे सरकतो ते ध्वनिलहरींनी मोजायचं. व्यास २ सेंटिमीटर, सरकण २०, ठोके ८०. नळीचं क्षेत्रफळ ३.१४, गुणिले २० म्हणजे ठोक्याला ६३ मिलिलिटर, आणि मिनिटाला जेमतेम ५ लिटर. आता व्यास मोजताना कर्सर २ मिलिमीटर आत पडला आणि १.८ आले. क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, त्यामुळे तेच गणित ४.१ लिटरवर जातं. दोन मिलिमीटरने जवळपास एक लिटर गिळला. पडद्यावरच्या धुरकट चित्रात दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, चांगल्या हाताकडूनही तेवढं होतं.

पण त्याच रुग्णाचं अर्ध्या तासाने पुन्हा मोजताना व्यास बदलत नाही. तेव्हा तो सोडून द्या, फक्त सरकण बघा. ती १५ वरून १८ झाली तर उपसा २० टक्के वाढला, मग व्यास १.८ असो की २. आधीची चूक भागाकारात कटून जाते. (ठोक्यांचा वेग तोच राहिला हे मात्र पाहावं लागतं.) सलाईन द्यावं की नाही हे ठरवायची एक सुरेख युक्ती यावर उभी आहे. अर्धवट बसवलेल्या रुग्णाचं धड सपाट करून पाय ४५ अंशांत वर उचलायचे. पायांतलं साधारण ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येतं. मिनिटभरात उपसा १० टक्क्यांहून वाढला तर सलाईनचा उपयोग होईल. नाही वाढला तर देऊ नये. पाय खाली केले की रक्त परत जागेवर, रुग्णाच्या अंगात थेंबही घातलेला नाही. फ्रान्सच्या मोने आणि तेबूल यांनी २००६ मध्ये याची रीतसर तपासणी मांडली. फक्त हे बीपीवर बघून भागत नाही, उपशावरच बघावं लागतं, आणि त्यासाठी बदल पकडणारं साधन हवं.

बदलाची कसोटीही आता ठरलेली आहे. जुन्या आणि नव्या यंत्राने एकाच दिशेने बदल दाखवला का ते मोजायचं. अगदी किरकोळ चढउतार वगळायचे, कारण ते यंत्राच्या स्वतःच्या थरथरीत बुडालेले असतात. उरलेल्यांत शंभरपैकी ९० हून अधिक वेळा दिशा जुळली तर यंत्र बरं. यंत्र विकायला आलेल्या माणसाला खरं तर हे विचारावं. डेमो बहुधा त्याच्या स्वतःच्या किंवा तिथल्याच एखाद्या तरुण डॉक्टरच्या अंगावर होतो, पडद्यावर ५.१ उमटतं, सगळे माना डोलावतात. धडधाकट माणसाचा उपसा पाचाच्या आसपास असतो हे यंत्र न लावताही सांगता येतं. त्यापेक्षा विचारावं की बीपी वाढवणारं औषध चालू असलेल्या रुग्णांवर तपासणी झाली का, कोणत्या पद्धतीशी ताडलं, तफावत किती टक्के, आणि बदलाची दिशा किती वेळा चुकली. धुळे-जळगावच्या शासकीय महाविद्यालयांत असे अभ्यास व्हावेत असं मला मनापासून वाटतं. खानदेशच्या उन्हात कोरडा पडलेला आणि विंचवाने गारठलेला रुग्ण हाँगकाँगच्या शस्त्रक्रियागृहात सापडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अचूक आकडा मिळाला म्हणजे रुग्ण वाचला, असंही नाही. स्वान-गँझची नळी पंचवीस वर्षं सर्रास वापरल्यावर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात नळी घातलेले रुग्ण जास्त दगावलेले दिसले. मग ब्रिटनमध्ये हजारावर अतिदक्षता रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली: निम्म्यांना नळी, निम्म्यांना नाही. २००५ मध्ये निकाल आला, मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. मोजमापाने उपचार बदलला नाही, किंवा बदलून उपयोग झाला नाही, तर नळी नुसतीच धमनीत राहते.

म्हणून पहूरच्या टेबलावरची तपासणी कमी मोलाची नाही. १०८ च्या गाडीत रुग्ण चढवताना सोबतच्या चिठ्ठीवर बहुधा एकच बीपी लिहिलेलं असतं. त्याच्या जोडीला वेळ, नाडी, बीपीचे वरचे-खालचे दोन्ही आकडे, हातपाय गार की ऊबदार, नख दाबून सोडल्यावर रंग किती सेकंदांत परतला, लघवी झाली का, आणि किती सलाईन गेलं, एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. विंचूदंशाचा रुग्ण पहूरहून १६० बीपी आणि गार हात घेऊन निघाला आणि जळगावला पोचेपर्यंत बीपी १०० झालं, तर त्याचे दोन अर्थ होतात. हात ऊबदार असतील तर औषध लागू पडून वाहिन्या सैल झाल्या. हात अजून गारच असतील तर हृदय दमलं, आणि मग तिथल्या मॉनिटरने ५ लिटर दाखवले तरी इको लावून पुन्हा बघायला हवं.